सर्वांचा विषय, कोणाची तासिका?

पर्यावरण हा शिक्षणाच्या प्रत्येक स्तरावर सक्तीचा विषय असावा, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९१ मध्ये मांडले आणि २००३ मधील पुढील आदेशानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाचा सहा महिन्यांचा समान अभ्यासक्रम पदवीच्या सर्व शाखांना लागू झाला. या अभ्यासक्रमामुळे वाणिज्य वा कला शाखेच्या विद्यार्थ्यालाही परिसंस्था आणि प्रदूषण यांची तोंडओळख झाली, ही त्याची जमेची बाजू निर्विवाद आहे. परंतु तो कोणत्याही एका विभागाचा नसल्यामुळे अनेक महाविद्यालयांत ज्या प्राध्यापकाचा कार्यभार अपुरा पडतो त्याच्याकडे तो सोपवला गेला आणि विद्यार्थ्यांच्या लेखी तो उत्तीर्ण होण्यापुरता उरला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार नव्या श्रेयांक रचनेत हवामान बदलाला जागा दिली जात असताना हा अनुभव अभ्यासमंडळांनी समोर ठेवणे आवश्यक आहे.

हवामान बदलाचे भौतिकशास्त्र नवे नाही. वातावरण उष्णता अडवून धरते हा विचार फूरिए यांनी १८२४ मध्ये मांडला, युनिस फूट आणि जॉन टिंडल यांनी १८५० च्या दशकात त्याला प्रयोगांचा आधार दिला आणि हवेतील कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास तापमान किती वाढेल याचे गणित अर्‍हेनियस यांनी १८९६ मध्ये केले. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे या वायूचे सुमारे २८० रेणू होते, ते आता ४२० च्या वर गेले आहेत. मात्र हे उत्सर्जन कोणी केले, त्याची झळ कोणाला लागते आणि खर्च कोणी सोसायचा, ही उत्तरे भौतिकशास्त्रापाशी नाहीत. येथे दोन संज्ञांमधील भेद महत्त्वाचा ठरतो : एकाच विषयावर अनेक शाखांनी आपापले तास घेणे हे बहुविद्याशाखीय अध्यापन, तर एका प्रश्नाच्या उत्तरासाठी एका शाखेला दुसरीचे निष्कर्ष वापरावे लागणे हे आंतरविद्याशाखीय अध्यापन. हवामान बदलाला दुसऱ्या प्रकाराची गरज आहे.

माळढोक पक्ष्याच्या खटल्यातून हे स्पष्ट होते. एम. के. रणजितसिंह यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये राजस्थान आणि गुजरातमधील माळढोकच्या अधिवासात वीजवाहिन्या भूमिगत करण्याचे व्यापक निर्देश दिले; मात्र सौर आणि पवनऊर्जेचे मोठे प्रकल्प याच माळरानांवर उभे राहत असल्याने २०२४ मध्ये न्यायालयाने ते निर्देश बदलले, प्रश्न तज्ज्ञ समितीकडे दिला आणि त्याच निकालात हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद १४ आणि २१ मध्ये अनुस्यूत असल्याचे मान्य केले. माळढोकला समोरचे नीट दिसत नाही आणि जड शरीरामुळे त्याला ऐनवेळी वळता येत नाही, हे प्राणिशास्त्र सांगते. उच्च दाबाची वाहिनी लांब अंतरावर जमिनीखालून नेणे अवघड आणि महाग का, हे विद्युत अभियांत्रिकी सांगते. या खर्चाचा विजेच्या दरावरील परिणाम अर्थशास्त्र मोजते आणि दोन हितांचा तोल कसा साधावा, हे विधिशास्त्र तपासते. सोलापूरजवळच्या नान्नज येथे माळढोकसाठी अभयारण्य असूनही हा पक्षी तेथे दुर्मीळ झाला असल्याने महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही.

मोसमी पावसाच्या नोंदी हे असेच दुसरे उदाहरण. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयासाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांनी सिद्ध केलेल्या २०२० च्या अहवालानुसार १९५१ ते २०१५ या काळात देशाचा मोसमी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला, तर मध्य भारतात एका दिवसात १५० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडण्याच्या घटना सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्या. तापमान एका अंशाने वाढले की हवेची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, हे त्यामागील एक कारण आहे. सरासरी घटत असताना टोकाच्या घटना वाढू शकतात, हा संख्याशास्त्राचा उत्तम पाठ येथे आयता उपलब्ध आहे. वाणिज्य शाखेला तोच पाठ फळपीक विम्यात सापडेल; कारण त्या योजनेत भरपाई महसूल मंडळातील हवामान केंद्राच्या नोंदींवर ठरते आणि केंद्रावरील पाऊस शेतातल्या पावसाहून वेगळा असला की शेतकरी आणि विमा कंपनी यांच्यात वाद उद्भवतो.

भाषा विभागांचे कामही तितकेच मोलाचे आहे. आजच्या दिवसाची स्थिती आणि साधारणपणे तीस वर्षांच्या नोंदींवरून ठरणारा प्रदेशाचा स्थायीभाव, या दोन्हींसाठी मराठी वापरात ‘हवामान’ हा एकच शब्द रूढ असल्याने एका थंड हिवाळ्यावरून तापमानवाढ नाकारणाऱ्या विद्यार्थ्याची गल्लत शब्दापासूनच सुरू होते. ‘हवामान बदल’, ‘वातावरणीय बदल’ आणि ‘जलवायू परिवर्तन’ ही तिन्ही रूपे प्रचारात आहेत; उत्सर्जन घटवणे म्हणजे ‘शमन’ आणि बदललेल्या परिस्थितीशी जुळवून घेणे म्हणजे ‘अनुकूलन’, या संज्ञाही शास्त्र विभागांबरोबर बसून पक्क्या केल्या पाहिजेत.

यासाठी प्रत्येक शाखेच्या मूळ विषयपत्रिकेत किमान एक घटक हवामान बदलाच्या एखाद्या खऱ्या प्रश्नावर असावा आणि महाविद्यालयातील सर्व विभागांनी एका सत्रासाठी तो प्रश्न समान ठेवावा. एकत्र अध्यापनाच्या तासिका सहभागी प्रत्येक प्राध्यापकाच्या कार्यभारात पूर्णपणे मोजल्या जाव्यात, कारण आज दोघांनी घेतलेला एक तास वेळापत्रकात एकाच्याच नावावर लागतो आणि दुसऱ्याची मेहनत हिशेबाबाहेर राहते. परीक्षेतही दुसऱ्या शाखेची आकडेवारी वाचून उत्तर द्यावे लागेल असा प्रश्न असला पाहिजे, कारण जे प्रश्नपत्रिकेत येत नाही ते वर्गातही फार काळ टिकत नाही. हे निर्णय अभ्यासमंडळांच्या आणि विद्या परिषदेच्या अधिकारातले आहेत. ते झाले, तर सर्वांचा म्हटला जाणारा हा विषय प्रत्येक विभागाच्या वेळापत्रकात स्वतःच्या नावाने दिसेल.