विश्लेषण : मुंबईतील दोन विमानतळांत अंतर २४ किमी, मग पोहोचायला इतका वेळ का?

नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ रोजी प्रवासी उड्डाणे सुरू झाली. आता एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून पुढचे विमान पकडायचे, तर हाताशी किती वेळ हवा?

अंतर नेमके किती?

सांताक्रूझ आणि उलवे येथील विमानतळांमध्ये सरळ रेषेत सुमारे २४ किमी अंतर आहे. ताशी ८०० किमी वेगाने उडणारे विमान ते दोन मिनिटांत कापेल. पण मध्ये ठाण्याची खाडी असल्याने रस्त्याने हेच अंतर ३५ ते ४० किमी होते आणि गर्दीच्या वेळी दीड तासही अपुरा पडू शकतो.

तिकिटावरील वेळ कसा ठरतो?

मुंबई-नागपूर हवाई अंतर सुमारे ६८० किमी. याच वेगाने ५१ मिनिटे पुरायला हवीत, तरी तिकिटावर दीड तासाच्या आसपास वेळ दिसतो. कारण विमान जागेवरून हलल्यापासून ते पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंतचा वेळ त्यात धरलेला असतो. धावपट्टीपर्यंत जाणे, रांगेत थांबणे, उतरण्याआधी आकाशात घिरट्या घालणे हे सगळे त्यात आले. घर ते विमानतळ हा प्रवास मात्र त्यात नसतो.

मानखुर्द महत्त्वाचे का?

मानखुर्दहून सरळ रेषेत जुना विमानतळ सुमारे ८ किमी, तर नवा १६ किमी. घाटकोपर-मानखुर्द जोडरस्ता येथेच शीव-पनवेल महामार्गाला मिळतो आणि पुढे वाशी खाडीपूल लागतो. त्यामुळे घाटकोपर, चेंबूर, गोवंडीतून निघालेल्यांची वेळ या टप्प्यातील वाहतुकीवर ठरते. अटल सेतूचा पर्याय आहे, पण त्यासाठी शिवडीला जावे लागते आणि टोल भरावा लागतो. लोकलने नेरूळ किंवा बेलापूरला उतरून उरण लोकलने तरघर गाठता येते. मात्र उरण लोकलच्या फेऱ्या पनवेलच्या तुलनेत बऱ्याच कमी आहेत.

विमान बदलायचे असेल तर?

दोन्ही विमानांची तिकिटे स्वतंत्र काढली असतील, तर पहिले विमान उशिरा आल्यावर दुसऱ्याचे पैसे बुडण्याचा धोका प्रवाशाचाच. देशांतर्गत उड्डाणासाठी बहुतेक कंपन्या ६० मिनिटे आधी चेक-इन बंद करतात. त्यात सामान मिळण्याचा आणि रस्त्याचा वेळ मिळवला, तर दोन विमानांत किमान चार-पाच तासांचे अंतर ठेवणे शहाणपणाचे. तिकीट काढताना विमानतळाचा संकेतही तपासावा. ‘बीओएम’ म्हणजे जुना, ‘एनएमआय’ म्हणजे नवा.

पुढे काय?

दोन्ही विमानतळांना जोडणारी सुमारे ३५ किमीची मेट्रो ८ प्रस्तावित आहे. ती धावेपर्यंत तिकीट स्वस्त कुठून मिळते याबरोबरच तिथवर पोहोचायला किती वेळ आणि किती भाडे लागेल, हा हिशेब प्रवाशांना स्वतःच करावा लागणार आहे.