खोडरबर नसलेला तास

उन्हाळी सुटी जवळ आली की जळगाव-धुळ्याच्या कलाशिक्षकांत यंदा कोणता कोर्स करायचा, याची चर्चा सुरू होते. अलीकडे त्यात ध्यानचित्रणाचे नाव निघते. लहानशा चौकोनी कागदावर काळ्या पेनाने सावकाश नक्षी भरायची आणि पुढे ती शिकवण्याचे प्रमाणपत्र मिळवायचे, असे हे प्रशिक्षण. आमचे मत स्पष्ट आहे. सवड आणि ऐपत असेल तर ते जरूर घ्यावे, मात्र त्यातून आपले शिकवणे कसे बदलेल, इकडे लक्ष ठेवून घ्यावे.

या प्रकारात सर्वांत जास्त प्रसार झाला तो अमेरिकेतील रिक रॉबर्ट्स आणि मारिया थॉमस यांच्या झेंटँगल पद्धतीचा. मारिया सुलेखनकार. एका मोठ्या अक्षरामागची जागा बारीक नक्षीने भरताना त्यांचे वेळेचे भान हरपले आणि मन निवांत झाले. रिक यांनी पूर्वी काही वर्षे संन्यस्त आयुष्य काढलेले. हे तर ध्यानच, हे त्यांनी ओळखले आणि दोघांनी मिळून या अनुभवाच्या पायऱ्या बसवल्या. वर्षानुवर्षे अक्षरलेखन शिकवणाऱ्या आपल्यातल्या अनेकांना हा अनुभव परका वाटणार नाही.

पायऱ्या साध्या आहेत. साडेतीन इंचांचा, म्हणजे सुमारे नऊ सेंटिमीटरचा चौकोनी कागद घ्यायचा. हातात कागद-पेन आहे, बसायला वेळ आहे, याबद्दल क्षणभर मनोमन आभार मानायचे. चार कोपऱ्यांत पेन्सिलीने ठिपके द्यायचे, ते जोडून चौकट करायची आणि आत एक सैल रेघ फिरवून जागेचे भाग पाडायचे. मग एकेका भागात पेनाने एकेक नक्षी भरायची. शेवटी पेन्सिलीची छाया द्यायची, आद्याक्षरे घालायची आणि कागद हातभर लांब धरून शांतपणे पाहायचा. खोडरबर वापरायचा नाही. रेघ वाकडी गेली तर तिला पुढच्या नक्षीत सामावून घ्यायचे.

आपली सगळी तालीम दुरुस्तीची आहे. वस्तुचित्रात माठाचा काठ तिरका झाला, स्मरणचित्रात माणसाचे प्रमाण चुकले, की आपली पेन्सिल मुलाच्या कागदावर उतरते. एलिमेंटरी-इंटरमीजिएट परीक्षांच्या तयारीत ते लागतेच. पण सातवी-आठवीपर्यंत ‘सर, मला चित्र येत नाही’ असे ठरवून बसलेल्या मुलांचे काय? या प्रशिक्षणाचा खरा लाभ या मुलांसाठी आहे. तिथे आपण पुन्हा विद्यार्थी होतो आणि नक्षी एकेका रेघेत फोडून दाखवायला शिकतो. चंद्रकोरीची नक्षी घ्या. कडेला लागून छोटे अर्धगोल काळे भरायचे, मग प्रत्येकाभोवती थोडे अंतर सोडून एकामागून एक वलये काढत जायची. एवढे सांगून शिक्षकाने गप्प बसायचे, मुलाच्या कागदाला हात लावायचा नाही. बोलत बोलत शिकवण्याची सवय लागलेल्या आपल्याला हेच सर्वांत अवघड जाते.

आपल्या घरांतून ठिपक्यांच्या रांगोळीने हाताला हीच सवय लावली आहे. फरक इतकाच, की रांगोळीचा आकार आधी ठरलेला असतो, इथे तो काढता काढता उमगतो. अशा एकाग्रतेचा नमुना जवळच आहे. चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस यांनी (1912–1989) आयुष्याचा मोठा भाग घराबाहेर न पडता काढला. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून त्यांनी जी टेबलटॉप छायाचित्रे घडवली, ती एकाग्रतेचीच फळे आहेत. त्यांचे घर आज संग्रहालय आहे. तिथे शाळेची सहल न्यावी आणि मुलांना एकेका चित्रापुढे निवांत उभे राहू द्यावे.

काही गोष्टी मात्र नीट तपासून घ्या. हे प्रमाणपत्र खासगी कंपनीचे असते. कलाशिक्षकाच्या नेमणुकीला एटीडी, ए.एम. अशी मान्यताप्राप्त अर्हता लागते. तुटपुंज्या मानधनावर काम करणाऱ्या अंशकालीन निदेशकांनी डॉलरमधली फी भरण्यासाठी कर्ज काढू नये. झेंटँगल हे नाव नोंदणीकृत आहे, ते लावून वर्ग चालवायचा असेल तर कंपनीचे नियम वाचा. नक्षी काढण्यावर मात्र कुणाचीच मालकी नाही. आणखी एक, हे प्रशिक्षण घेऊन कुणी मानसोपचारतज्ज्ञ होत नाही. एखादे मूल सतत गप्प, घाबरलेले दिसले तर पालकांशी बोला. जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा 14416 हा क्रमांकही आहे. हे मार्ग पालकांना दाखवणे आपले कर्तव्य आहे.

कोर्स करा किंवा करू नका, सुरुवात जूनमध्ये करता येईल. एका ए-फोर कागदातून नऊ सेंटिमीटरचे सहा चौकोन निघतात. साठ मुलांच्या वर्गाला दहा कागद पुरतात, दप्तरातले काळे पेन चालते, छाया पसरवायला कापूसकाडी होते. महिन्यातली एक तासिका यासाठी राखून ठेवा. त्या तासाला गुण नकोत, शेरा नको, स्पर्धा नको, चांगल्या चित्रांची निवड करून फलकावर लावणेही नको. लावायची तर सगळ्यांची लावा. मुख्याध्यापकांनी या तासाचे फलित विचारले, तर त्यांनाही एक चौकोन आणि पेन देऊन मुलांमध्ये बसवा.