दिवा झगझगला, तर आधी मेन स्विच बंद करा



गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. नांदेडला आमच्या गल्लीत सायंकाळी वावधान सुटले आणि लाइट गेली. तासाभराने आली ती निराळ्याच तऱ्हेने. आमचा पंखा सुसाट फिरू लागला, समोरच्या घरचा जेमतेम हलत होता. पोरांना गंमत वाटली. दोन मिनिटांत फ्रिजमधून जळका वास आला. त्याचे चार हप्ते अजून फिटायचे होते.

वाऱ्याने खांबावरची न्यूट्रल तार तुटली होती. खांबावर तीन फेज आणि एक न्यूट्रल असते. एक फेज व न्यूट्रल मिळून घराला २३० ते २४० व्होल्ट मिळतात. दोन फेजांत मात्र सुमारे ४०० असतात. न्यूट्रल तुटली की वेगवेगळ्या फेजवरची घरे हे ४०० व्होल्ट आपसांत वाटून घेतात, आणि ज्या फेजवर वापर कमी, तिथे दाब जास्त चढतो. म्हणजे काटकसर करणाऱ्यालाच फटका! म्हणून दिवा-पंखा एकदम तेज झाला, तर कारण शोधत बसू नका. मेन स्विच पाडा आणि शेजाऱ्यांनाही हाक मारा.

एमसीबी बसवली म्हणजे भीती नाही, असे आम्हीही समजत होतो. ती जादा भार किंवा शॉर्टसर्किट झाल्यावर पडते. दाब वाढला म्हणून पडत नाही. त्यासाठी दाब कमी-जास्त होताच लाइन तोडणारे व्होल्टेज प्रोटेक्टर वेगळे मिळते. माणसाला शॉकपासून वाचवते ती ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी. दोन्ही हव्यात.

लातूरकरांचे दुखणे उलटे. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेले हे शहर. नळ आला की गल्लीतल्या साऱ्या मोटारी एकदम चालू होतात आणि व्होल्टेज बसते. मोटार सुरू न होता नुसती घुमत राहिली, तर जादा करंट ओढून तिची वायंडिंग जळते. लगेच बंद करा. शेजाऱ्यांशी बोलून पाळ्या लावल्या तर सर्वांचेच भले. लाइट गेली की फ्रिजचे बटण बंद करा. आल्यावर पाच मिनिटे थांबा.

आणखी दोन गोष्टी. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा सुकतो, त्यात पाणी घाला. अर्थिंगच्या तारेवर न्यूट्रलचे काम कधीच चालवू नका. आणि जयंतीच्या रोषणाईला आकडा न टाकता तात्पुरते मीटर घ्या.

वस्तू जळल्या तर १९१२ वर तक्रार करून तिचा क्रमांक लिहून ठेवा. मग गल्लीतल्या साऱ्या घरांचा एकच लेखी अर्ज द्या, पोच घ्या. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब मजूरमंत्री होते, तेव्हा वीज हा विषयही त्यांच्याकडे होता. नीट वीज मागणे म्हणजे भीक मागणे नव्हे, तो आपला हक्क आहे.