नाव बदला, नोंद ठेवा

शहागडच्या टपालात माझी नोकरी झाली. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा वेगळा निघाला आणि आमचा अंबड तालुका तिकडे गेला. तरी मुंबईला पोटापाण्यासाठी गेलेली माणसं पुढे कितीतरी वर्षं पाकिटावर ‘मु. पो. शहागड, ता. अंबड, जि. औरंगाबाद’ असंच लिहायची. आम्ही शेवटची ओळ खोडून वर ‘जालना’ घालायचो. पत्र पोचायचं, कारण जुनी हद्द आम्हाला तोंडपाठ होती.

आता औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव. नावं बदलायला माझी हरकत नाही. वस्त्यांची जातिवाचक नावं काढायचा २०२० चा निर्णय तर फार आधीच व्हायला हवा होता. प्रश्न जुन्या नावांच्या नोंदीचा आहे.

ती कशी ठेवावी हे दूरच्या एका उदाहरणात दिसतं. अंटार्क्टिकाजवळ दक्षिण शेटलंड नावाची बेटं आहेत. मूळ रहिवासी कुणीच नाही, तरी नावांचा सुकाळ. सर्वांत मोठ्या बेटाला इंग्रजांनी आपल्या राजावरून ‘किंग जॉर्ज’ म्हटलं. १८२१ मध्ये बेलिंग्सहाउझेनची रशियन जहाजं आली, त्यांनी नेपोलियनच्या पराभवावरून ‘वॉटर्लू’ ठेवलं. अर्जेंटिनाच्या नकाशात तेच बेट ‘२५ मे’ आहे, १८१० च्या क्रांतीची तारीख! ब्रिटन, चिली, अर्जेंटिना तिघांचाही या बेटांवर दावा. पण १९५९ च्या अंटार्क्टिका करारानं दावे गोठवले आणि शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय समितीनं एक सामायिक नामकोश केला. त्यात एका जागेची सगळी नावं, कुठल्या देशाचं कुठलं, शेजारी शेजारी आहेत. कुणाचंही खोडलेलं नाही.

अंटार्क्टिकावर आपलीही नावं आहेत: मैत्री, भारती, प्रियदर्शिनी तलाव. ‘दक्षिण गंगोत्री’ ऐकलं की आमच्या गंगाथडीच्या, म्हणजे गोदाकाठच्या माणसाला गोदावरीच्या उगमाचं त्र्यंबकेश्वरच आठवणार, पण ते बर्फात गाडलं गेलेलं आपलं पहिलं संशोधन केंद्र. आणि २०२४ मध्ये भारती केंद्राच्या टपालाला पिन मिळाला तो ‘एमएच-१७१८’. म्हणजे पत्त्यापुरता दक्षिण ध्रुवाकडचा बर्फही महाराष्ट्रात!

सगळी नावं एका कोशात ठेवणं भांडणाऱ्या देशांना जमलं, ते एका राज्याला का जमू नये? जुन्या सातबाऱ्यावर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, आधारवर तिसरं, आणि म्हातारा माणूस तहसीलच्या पायऱ्या झिजवतो. सरकारनं जिल्ह्यापासून वाडी-तांड्यापर्यंत जुन्या-नव्या नावांची एकत्र यादी छापावी, बदलाच्या तारखेसह. नावामागचं कारणही द्यावं. आमच्या गावाच्या वरच्या अंगाला गोदावरीवरचं धरण पैठणला आहे, नाव मात्र खाली बीड जिल्ह्यातल्या जायकवाडीचं, कारण मूळ बेत तिथला होता. हे आज सांगणारी माणसं आहेत, तोवरच लिहून घ्या.