डोंगराचा ताप मोजताना

जपानमधील ओंताके पर्वत २७ सप्टेंबर २०१४ रोजी दुपारी बाराच्या सुमारास अचानक फुटला. शनिवार असल्याने माथ्यावर गिर्यारोहकांची गर्दी होती. ६३ जण मृत्युमुखी पडले किंवा बेपत्ता झाले. त्या दिवशी धोक्याची पातळी सर्वांत खालची, म्हणजे १ होती. दोन आठवडे आधी छोटे भूकंप वाढले होते; पण तेवढ्यावरून ती वाढवली गेली नव्हती.

हा स्फोट वाफेचा होता. जमिनीखालची उष्णता पाण्याची वाफ करते आणि कोंडलेली वाफ खडक फोडते. ही उष्णता ओळखण्याचा एक मार्ग चुंबकत्वाचा आहे. ज्वालामुखीच्या खडकात मॅग्नेटाइट असते. ते तापेल तसे त्याचे चुंबकत्व घटते आणि सुमारे ५८० अंश सेल्सियसला नाहीसे होते. त्यामुळे उत्तर गोलार्धात तापलेल्या भागाच्या दक्षिणेला चुंबकीय क्षेत्र किंचित कमी होते, उत्तरेला वाढते. खडक थंड होताना याच्या उलट घडते.

जपानच्याच इझु-ओशिमा बेटावर १९८६च्या उद्रेकाआधी विवराजवळचे क्षेत्र असेच घटत गेले होते. त्या नोव्हेंबरात सुमारे १० हजार रहिवाशांना बेट सोडावे लागले.

अर्थात ताप म्हणजे निदान नव्हे. सूर्यावरील घडामोडींनीही चुंबकीय क्षेत्र हलते. म्हणून दूरच्या केंद्राची नोंद वजा करावी लागते. खडकांवरचा ताणही आकडे बदलतो. शिवाय उद्रेकाचा दिवस त्यातून कळत नाही. भूकंप, वायू आणि जमिनीचा फुगवटा यांच्याशी ताडून पाहिले, तरच त्या आकड्याला अर्थ येतो.

मात्र तापाचा तक्ता आजारपण आल्यावर सुरू करून भागत नाही. निरोगी दिवसांतले आकडेही हाताशी लागतात. ही शिस्त आपल्याला नवी नाही. कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकीय नोंदींत विजेच्या ट्रामने व्यत्यय येऊ नये, म्हणून हे काम १९०४मध्ये अलिबागला हलवले गेले. नोंदींची साखळी तुटू नये, एवढ्यासाठी ही धडपड होती.

ज्वालामुखीवरील मापनाचा खर्चही तो शांत असतानाच करायला हवा. वर्षानुवर्षे काहीच घडले नाही, म्हणून यंत्रे बंद करणे ही काटकसर नव्हे. तो शांत काळच पुढच्या इशाऱ्याचा पाया असतो.