यादीबाहेरचं फ्लॉरेन्स

इटलीहून परत येऊन तीन आठवडे झाले. या तीन आठवड्यांत भेटलेल्या प्रत्येकाने पहिला प्रश्न एकच विचारला. शेजारच्या काकूंनी विचारला, ऑफिसातल्या मित्रांनी विचारला, दांडिया बाजारातल्या आमच्या नेहमीच्या वाण्यानेसुद्धा गुजरातीत विचारला, "पिसाचा तो वाकडा मनोरा पाहिलात ना?"

नाही पाहिला.

फ्लॉरेन्सहून पिसा गाडीने तासाभराच्या अंतरावर आहे. माझ्या यादीत त्याला अर्धा दिवसही राखून ठेवलेला होता. तरी आम्ही गेलो नाही. का गेलो नाही, ते या वेळी सांगतो. वाण्यालाही सांगितलं असतं, पण मागे गिऱ्हाईक खोळंबलं होतं.

लग्नाला आठ वर्षं झाली. इटलीचा बेत त्यातल्या सहा वर्षांचा. कधी माझं प्रोजेक्ट आडवं आलं, कधी घरातलं आजारपण, कधी नुसताच पैशांचा हिशोब. शेवटी या जूनमध्ये जमलं. दहा दिवस, तीन शहरं: रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस. सवयीप्रमाणे मी एक्सेल शीट केली. तारीख, वेळ, ठिकाण, तिकीट, चालायचं अंतर, सगळे रकाने भरले. बायकोला पाठवली आणि विचारलं, "यात काही राहिलंय का बघ." तिने लिहिलं, "फ्लॉरेन्सला इंडियानो." मी नकाशात पाहिलं. शहराच्या पार पश्चिम टोकाला, एका बागेच्या शेवटी असलेलं स्मारक. मी शीटच्या तळाशी 'वेळ उरला तर' असा रकाना केला आणि ते तिथे टाकलं. त्या रकान्यातलं काही कधी होत नाही, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत असतं.

रोममध्ये उतरलो तेव्हा पारा ३६ वर होता. आम्ही हसलो. बडोदेकरांना उन्हाचं काय भय! पण बडोद्यात आपण भर दुपारी बारा किलोमीटर दगडी रस्त्यांवरून चालत नाही, हे दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. शहरभर सुमारे अडीच हजार सार्वजनिक नळ आहेत. चोवीस तास थंड, पिण्याचं पाणी वाहत असतं. नळाला नाकासारखी वाकडी तोटी असते म्हणून तिथले लोक त्याला 'नासोने', म्हणजे मोठं नाक म्हणतात. आम्ही कलोसियमपेक्षा त्या नाकांचे जास्त आभार मानले.

रोममधलं माझ्या मनात राहिलेलं ठिकाण म्हणजे पँथिऑन. सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा काँक्रीटचा घुमट, त्यात लोखंडाची एक सळई नाही. व्यास ४३ मीटर आणि जमिनीपासून उंचीही तेवढीच. वर जाताना भिंत पातळ होत जाते आणि काँक्रीटमधला दगडही हलका होत जातो. माथ्याजवळ ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड वापरलाय. मधोमध आभाळाला उघडं मोठं भोक आहे, त्यातून पाऊस आत पडतो. म्हणून फरशीला हलका उतार आणि पाणी जायला बारीक भोकं. मी मान वर करून वीस मिनिटं उभा होतो. मग घड्याळ पाहिलं आणि म्हणालो, "चल, आठ मिनिटं उशीर झालाय."

त्या दुपारी आमचं भांडण झालं. कारण क्षुल्लक होतं. तिला एका चौकात सावलीला बसायचं होतं आणि माझ्या शीटमध्ये बसणं नव्हतं. "तू मला फिरवायला आणलंयस की टिकमार्क करायला?" तिने विचारलं. मी म्हणालो, "एवढे पैसे खर्च करून आलोय, परत कधी येणार?" दोघांचंही चूक नव्हतं. म्हणूनच बहुधा रात्री जेवतानाही कुणी माघार घेतली नाही.

चौथ्या दिवशी फ्लॉरेन्सची गाडी पकडायला स्टेशनवर आलो. फलकावर फ्लॉरेन्स नावाची गाडीच नाही! पाच मिनिटं घाम फुटला. मग कळलं, इथे त्या गावाचं नाव फिरेन्झे. आपणही बडोदं म्हणतो आणि तिकिटावर वडोदरा असतं, तेव्हा तक्रार कुणाकडे करणार?

दीड तासात फ्लॉरेन्स. तिथल्या कॅथेड्रलचा घुमट ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ या काळात बांधला. हा माणूस मुळात सोनार. एवढ्या रुंदीला जमिनीपासून लाकडी आधार देणं परवडणारं नव्हतं, म्हणून त्याने विटा माशाच्या काट्यासारख्या तिरक्या नक्षीत रचल्या, म्हणजे चुना वाळेपर्यंत त्या एकमेकींना धरून राहतील. घुमटाला आत एक आणि बाहेर एक अशी दोन कवचं आहेत आणि ४६३ पायऱ्यांचा जिना त्यांच्या मधून वर जातो. लिफ्ट नाही. वर पोचल्यावर लाल कौलांचं सगळं शहर आणि मधून जाणारी अर्नो नदी दिसते. बायको नदीच्या पश्चिमेकडे बघत होती.

"तिकडे असेल ना ते?" तिने विचारलं.

"काय?"

"इंडियानो."

उद्या सकाळी पिसा होतं. मी शीट उघडणार, तेवढ्यात ती म्हणाली, "तू पिसाला जा. मी एकटी जाऊन येते. खरंच. राग नाही."

राग नाही म्हणाली, म्हणूनच मी थांबलो.

इथे थोडं मागचं सांगायला हवं. बायकोचं माहेर कोल्हापूर. तिचे आजोबा, सगळे त्यांना आबा म्हणायचे, राजाराम कॉलेजात शिकले. ज्या राजाराम महाराजांचं नाव कॉलेजला आहे, ते फ्लॉरेन्सला आहेत, असं आबा नातवंडांना सांगायचे. 'होते' नाही, 'आहेत'. लहानपणी तिला वाटायचं, महाराज तिकडे राहायला गेलेत. मोठेपणी ती म्हणायची, "आबा, मी जाईन तेव्हा फोटो काढून आणीन." आबा म्हणायचे, "फोटो कशाला? एक फूल ठेव."

दोन वर्षांपूर्वी एका शुक्रवारी रात्री कोल्हापूरहून फोन आला की आबांची तब्येत ठीक नाही. शनिवारी रात्री माझं रिलीज होतं. मी म्हणालो, "रविवारी सकाळी निघू, एका दिवसाने काय होतंय?" ती 'बरं' म्हणाली. रविवारी पहाटे आबा गेले. आम्ही पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्यानंतर ती त्यावर एक शब्द बोलली नाही. मीही बोललो नाही. ते रिलीज, सांगायला लाज वाटते, पुढे दोन दिवसांनी मागेच घ्यावं लागलं होतं.

पिसा रद्द केलं.

सकाळी स्टेशनजवळच्या दुकानातून तिने दोन पांढरी फुलं घेतली. टी-१ ट्रामने निघालो. बागेच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग मी 'कास्काइन' असं वाचत होतो. ट्राममधल्या बाईंनी उच्चार केला 'काशीने'. आम्ही एकमेकांकडे बघितलं. काशी!

तिथून नदीकाठाने, झाडांच्या सावलीतून, तीनेक किलोमीटर चालायचं. पर्यटक एकही नाही. पळणारे, सायकलवाले, कुत्री फिरवणारे आजोबा. बाग संपते तिथे मुन्योने नावाची छोटी नदी अर्नोला मिळते, आणि त्या संगमाजवळ झाडांमध्ये एकदम छत्री दिसते. आपल्याकडची, खांबांवर उभी, घुमटीची छत्री. आत फेटा बांधलेल्या, दागिने घातलेल्या एका तरुणाचा रंगीत अर्धपुतळा.

कोल्हापूरचे दुसरे राजाराम महाराज, शाहू महाराजांच्या आधीचे. १८६६ साली गादीवर आले, १८७० साली युरोपला गेले. लंडन पाहिलं, राणी व्हिक्टोरियाला भेटले. रोज इंग्रजीत डायरी लिहीत. परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्सला आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी तिथेच वारले. वय अवघं २० वर्षं. त्यांची डायरी पुढे १८७२ साली लंडनमध्ये छापली गेली.

त्या वेळी फ्लॉरेन्स इटलीची राजधानी होतं आणि तिथे दहनाची रीत नव्हती. बरोबरच्या लोकांनी आपल्या धर्माप्रमाणे संगमावर दहन करू द्यावं अशी विनंती केली. खास परवानगी मिळाली आणि इथे, या दोन नद्यांच्या काठी, रात्री चिता पेटली. परक्या मुलखात, डिसेंबरच्या तोंडावरच्या थंडीत, त्या मोजक्या माणसांनी लाकडं कशी जमवली असतील, कुणाला काय समजावलं असेल, हे डोळ्यांसमोर आणायचा मी प्रयत्न करत होतो. चार वर्षांनी, १८७४ साली, हे स्मारक झालं. जवळचा पूलसुद्धा आता 'इंडियानो'च्या नावाने ओळखला जातो. फ्लॉरेन्सच्या लोकांना तो पत्ता म्हणून ठाऊक आहे. राजा कुठला, हे किती जणांना माहीत असेल कोण जाणे.

बायकोने फुलं ठेवली. मी जरा बाजूला, मोबाइलवर स्मारकाची माहिती वाचत उभा होतो. पुतळा फुलर नावाच्या इंग्रज शिल्पकाराचा. छत्रीचा आराखडा मात्र चार्ल्स मँट यांचा.

मँट! आपल्या लक्ष्मीविलास पॅलेसचे मँट! पॅलेस पूर्ण झाला १८९० साली, पण मूळ आराखडा त्यांचा. कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्यांचाच. ज्या राजवाड्याच्या भिंतीकडेने मी शाळेत सायकल मारत गेलो, त्याच माणसाने काढलेल्या छत्रीखाली माझी कोल्हापूरची बायको उभी होती, आणि ही जागा मी 'वेळ उरला तर'च्या रकान्यात टाकली होती.

मी तिला सांगायला गेलो. ती बाकावर बसली होती. मँट राहिले बाजूला. मी म्हणालो, "त्या शनिवारी आपण निघायला हवं होतं."

ती बराच वेळ नदीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हो." आणि थोड्या वेळाने, "मीही एकटी निघू शकले असते. तुझ्यावर ढकललं, ते सोपं होतं."

आम्ही त्या बाकावर दीड तास बसलो. थेपले आणि छुंदा काढला, आबांच्या गोष्टी निघाल्या, त्यातल्या काही मी पहिल्यांदाच ऐकल्या. मँटची गोष्ट परतताना ट्राममध्ये सांगितली. ती म्हणाली, "म्हणजे तुझंही इथे कुणीतरी निघालंच."

व्हेनिसला शीट उघडलीच नाही. सकाळी एक ठिकाण, दुपारी झोप, संध्याकाळी गल्ल्यांतून भटकणं. लक्ष्मीविलासच्या दरबार हॉलची मोझॅइक फरशी व्हेनिसच्या धर्तीची आहे हे शाळेच्या सहलीत ऐकलं होतं. सेंट मार्क्सच्या चर्चमधली जुनी, लाटांसारखी वर-खाली झालेली फरशी पाहताना ते आठवलं. तिथे एका औषधाच्या दुकानाच्या काचेत जुन्या व्हेनिसच्या रहिवाशांचा आकडा लावलेला असतो. १९५१ साली पावणेदोन लाखांच्या आसपास लोक राहत होते, आता पन्नास हजारसुद्धा नाहीत. पाहायला येणारे मात्र लाखोंनी. बायको म्हणाली, "गाव बघणारे वाढले आणि राहणारे कमी झाले, की असं होतं." दांडिया बाजारातले बंद झालेले वाडे मला आठवले.

पुढच्या उन्हाळ्यात कुणी जाणार असाल, तर थोडं कामाचं. दुपारी बारा ते चार खोलीत राहा. फ्लॉरेन्सचा घुमट चढायचा असेल तर वेळ आधी राखून ठेवा. उफिझी संग्रहालय सोमवारी बंद असतं. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, ओढणी जवळ ठेवा. साध्या गाड्यांचं कागदी तिकीट चढण्यापूर्वी फलाटावरच्या मशीनमध्ये छापून घ्या, नाहीतर दंड बसतो. कॉफी उभ्याने प्या, बसलात तर बहुतेक ठिकाणी जास्त पैसे पडतात. कडक शाकाहारी असाल तर लक्षात ठेवा, पार्मेझान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट असतं. 'चीज नको' म्हणायला शिकून घ्या.

आणि यादी जरूर करा. मी पुढच्या वेळीही करणार आहे. फक्त बरोबरच्या माणसाने सांगितलेली एक जागा सगळ्यात वर लिहा, ती कितीही आडवाटेला असली तरी.

पिसाचा मनोरा तेवढा राहिला. गेली साडेआठशे वर्षं उभा आहे, अजून काही वर्षं कळ काढेल.