निरोप कुणाला द्यायचा?

एमआयडीसीच्या बसगाड्या सुरू व्हायच्या आधी, पहाटे साडेपाचला, आमच्या मावळातल्या आंबीच्या रस्त्यावर सैन्यभरतीची तयारी करणारी पोरं धावत असतात. सोळाशे मीटरचा हिशेब त्यांनी विजेच्या खांबांवर बसवलाय. त्यातला एक जण परवा चहाच्या टपरीवर भेटला. बुटाचा सुटलेला तळ त्याने सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून बांधला होता. बोलता बोलता कळलं, तो बालगृहात वाढलेला. "काका, पळायचं टेन्शन नाही. पण फॉर्ममध्ये जवळचा नातेवाईक म्हणून कुणाचं नाव टाकू?"

मला उत्तर सुचलं नाही. घरी आलो आणि हेन्री टँडी आठवला.

इंग्लंडातल्या लेमिंग्टन गावी 1891 साली जन्मलेला हा मुलगा. बालपणाचा काही काळ अनाथालयात गेला. तिथून बाहेर पडला आणि एका हॉटेलात बॉयलरवर कामाला लागला. 1910 मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, साधा शिपाई म्हणून पलटणीत भरती झाला. पुढे पहिलं महायुद्ध पेटलं. सोमच्या लढाईत तो जखमी झाला, पासनडेलला पुन्हा जखमी झाला, आणि दोन्ही वेळा बरा होऊन परत आघाडीवर गेला.

28 सप्टेंबर 1918 ला फ्रान्समधल्या मार्कोइंगजवळ त्याची तुकडी मशीनगनच्या माऱ्यात अडकली. टँडी सरपटत पुढे गेला, गन कुठे आहे ते हेरलं आणि साथीदारांना घेऊन ती बंद पाडली. पुढे कालव्यावरच्या पुलाच्या फळ्या उखडलेल्या होत्या. गोळ्यांचा वर्षाव चालू असताना त्याने त्या फळ्या जागेवर बसवल्या, म्हणून तुकडी पार झाली. त्याच संध्याकाळी तो आणि आठ जण वेढले गेले. संगिनी रोखून त्यांनी वेढा फोडला आणि 37 शत्रूसैनिकांना मागच्या आपल्या माणसांच्या हाती पडायला लावलं. दोनदा जखमी होऊनही लढाई संपेपर्यंत तो मागे गेला नाही. याबद्दल त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आपल्या यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना दुसऱ्या महायुद्धात इटलीतल्या पराक्रमासाठी मिळाला, तोच हा क्रॉस. अवघ्या एका महिन्यात आणखी दोन शौर्यपदकंही टँडीने मिळवली. पहिल्या महायुद्धातून जिवंत परतलेल्या ब्रिटिश शिपायांत सर्वाधिक सन्मान मिळालेला शिपाई तो हाच.

पण जग त्याला ओळखतं ते भलत्याच गोष्टीसाठी. त्या दिवशी म्हणे टँडीने एका जखमी जर्मन सैनिकावर गोळी झाडली नाही, आणि तो सैनिक हिटलर होता! ही गोष्ट चवीने सांगितली जाते. प्रत्यक्षात हिटलर त्या सुमारास रजेवर होता, असं अभ्यासकांनी दाखवून दिलंय. मला या गोष्टीचा राग येतो. ज्या माणसाने गोळ्यांच्या पावसात फळ्या बसवून साथीदारांना पार नेलं, त्याच्याकडून जगाने जाब मागावा तो न झाडलेल्या गोळीचा? 1926 मध्ये तो सैन्यातून निवृत्त झाला, कोव्हेंट्रीच्या मोटार कारखान्यात अनेक वर्षं नोकरी केली आणि 1977 मध्ये गेला. त्याच्या अस्थी मार्कोइंगजवळच्या युद्धस्मशानात, साथीदारांच्या सोबतीला पुरल्या आहेत.

आपल्याकडे पुणे, सातारा, रत्नागिरी भागातल्या कित्येक गावांत त्याच पहिल्या महायुद्धाच्या पाट्या आहेत. या गावातून इतके गेले, इतके परत आले नाहीत. नुसता आकडा, नाव एकाचंही नाही. त्या आकड्यांत आई-बाप नसलेले किती होते, हे पाटी कशी सांगणार?

आज निदान कायदा थोडा जागा आहे. गोव्यातल्या अनाथालयात वाढलेल्या अमृता करवंदे यांनी आपल्यावर झालेला अन्याय सरकारसमोर मांडला, आणि 2018 मध्ये महाराष्ट्राने अनाथांना शिक्षणात व सरकारी नोकरीत एक टक्का आरक्षण दिलं. ते राज्याच्या नोकऱ्यांपुरतं आहे, लष्कराला लागू नाही. अठरा वर्षं पूर्ण झाली की बालगृह सोडावं लागतं. पुढे अनुरक्षण गृहाची सोय आहे, पण ती मिळेलच असं नाही. आणि नेमकं तेच भरतीचं वय. त्या वयात घरच्या पोराला आई दूध-अंडी देते, मामा बूट घेऊन देतो, बाप मैदानाच्या कुंपणाबाहेर रात्रभर थांबतो. या पोरांसाठी कुंपणाबाहेर कोणी नसतं.

मावळातल्या माझ्या वाचकांना हात जोडून सांगणं आहे. जवळच्या बालगृहात जा. तिथल्या अधीक्षकांना विचारा, यंदा भरतीला कोण उतरतंय. त्याला बूट घ्या, आरक्षणासाठी लागणाऱ्या अनाथ प्रमाणपत्रासाठी त्याच्याबरोबर कार्यालयाच्या चकरा मारा, आणि भरतीच्या दिवशी कुंपणाबाहेर उभे राहा. टपरीवरच्या त्या पोराला मी काल माझं नाव आणि फोन नंबर लिहून दिला.